शुगरची कोणती तपासणी खरी? उपाशीपोटी, दोन तासांची की तीन महिन्यांची

अवसरी बुद्रुक (ता. आंबेगाव) : गावात आरोग्य शिबिर झालं की दोन दिवसांत रिपोर्ट मोबाईलवर येतात आणि मग पारावर, डेअरीवर, किराणा दुकानात एकच चर्चा सुरू होते. एकाच माणसाच्या एकाच रिपोर्टमध्ये उपाशीपोटी साखर ९६, म्हणजे नॉर्मल. त्याच्याच खाली एचबीए१सी ५.९, आणि त्यापुढं लिहिलेलं असतं प्रीडायबेटिक. आता या माणसानं काय समजायचं? चहातली साखर बंद करायची, गोळी चालू करायची, की रिपोर्ट गुंडाळून कपाटावर ठेवायचा?

बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून जातात आणि कुणीतरी सांगितलेला काढा चालू करतात. काही जण नॉर्मल लिहिलेला आकडा धरून बसतात आणि पुढं पाच वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दोन्हीत नुकसानच आहे. म्हणून या तपासण्या नेमकं काय मोजतात, कुठं चुकतात आणि आपल्यासारख्या गावातल्या माणसानं कोणती कधी करावी, हे एकदा नीट समजून घेऊ.

देशाचाच आकडा दुप्पट झाला

हा गोंधळ फक्त आपल्या गावाचा नाही. देशात मधुमेहाचे रुग्ण किती, यावरच मोठ्या तज्ज्ञांचं एकमत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेला इंडियॅब नावाचा पाहणी अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १ लाख १३ हजार लोकांची तपासणी त्यात झाली. त्यांच्या हिशेबानं देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

नंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरातल्या संशोधकांच्या एका गटाचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात भारताचा आकडा होता २१.२ कोटी. म्हणजे दुपटीहून जास्त.

एवढा फरक कसा? दोन्ही अभ्यासांची वर्षं वेगळी, हिशेबाच्या रीती वेगळ्या. पण आपल्याकडच्या तज्ज्ञांनी जे मोठं कारण सांगितलं, ते तपासणीचं. इंडियॅबनं माणसाला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर मोजली होती. जागतिक गटानं उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, यातलं काहीही वाढलेलं असेल तर त्याला मधुमेही धरलं. माप बदललं आणि देशातले रुग्ण कागदावर अकरा कोटींनी वाढले. जिथं देशाचा हिशेब असा बदलतो, तिथं आपल्या एका रिपोर्टवर किती विसंबायचं, हा प्रश्न पडणारच.

आधी आकडे पाठ करा

रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. डॉक्टर साधारण या रेषा धरतात :

- उपाशीपोटी साखर : १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. (जागतिक आरोग्य संघटना उंबरठा ११० पासून धरते. त्यामुळं १०५ आकडा एका डॉक्टरला नॉर्मल वाटतो, दुसऱ्याला नाही.)
- ग्लुकोज पिऊन दोन तासांनी : १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी : ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- कधीही घेतलेली साखर, म्हणजे रँडम : २०० किंवा जास्त असेल आणि सोबत खूप तहान, रात्री वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं अशी लक्षणं असतील तर मधुमेह.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर कुणालाही मधुमेही ठरवत नाहीत. दोन वेगळ्या तपासण्या जास्त आल्या पाहिजेत, नाहीतर तीच तपासणी दुसऱ्या दिवशी परत करून ती जास्त आली पाहिजे. पहिल्याच रिपोर्टवर जन्मभराच्या गोळ्या लिहून दिल्या तर 'डॉक्टर, एकदा परत तपासू का?' असं विचारायला लाजू नका.

उपाशीपोटी : स्वस्त, सोपी, पण अर्धवट

ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही लॅबमध्ये होते. रात्री जेवल्यावर किमान आठ तास पोटात काही नको. पाणी चालतं.

आपल्याकडं घोडं अडतं ते चहावर. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं आणि मग नऊ वाजता लॅबमध्ये जायचं. मधल्या वेळेत अर्धा कप चहा झालेला असतो. 'बिनसाखरेचाच होता' म्हणतात, पण त्यात दूध असतंच, आणि दुधातही साखर असते. चहा झाला असेल तर तसं सांगा आणि दुसऱ्या दिवशी या. चुकीचा रिपोर्ट घेण्यापेक्षा एक हेलपाटा परवडला.

या तपासणीची मोठी उणीव अशी, की ती शरीर आरामात असतानाची साखर मोजते. आपल्या लोकांत असे पुष्कळ निघतात की ज्यांची सकाळची साखर अगदी बरोबर असते, पण जेवणानंतर ती वर चढते आणि लवकर उतरतच नाही. अशा माणसाला उपाशीपोटी तपासणी पकडू शकत नाही.

दोन तासांची : मोटरवर लोड टाकून बघणं

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार लागत नाही. विहिरीवरची मोटर नुसती चालू करून बघितली तर ती छान फिरते. आवाज नाही, गरम होत नाही. पण पाइपलाइन जोडून वरच्या रानात पाणी चढवायला लावलं की मग कळतं, वाइंडिंगमध्ये दम आहे की नाही. उपाशीपोटी साखर म्हणजे बिनलोडची मोटर. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी म्हणजे लोड टाकून बघणं. डॉक्टर तिला जीटीटी म्हणतात.

उपाशीपोटी एकदा रक्त घेतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत पिऊन टाकायचं आणि दोन तासांनी परत रक्त द्यायचं. त्या दोन तासांत एका जागी बसायचं. गावात चक्कर नको, मोटरसायकलवरून बाजारात जाणं नको, तंबाखू, मिश्री, बिडी नको. त्याआधीचे तीन दिवस रोजच्यासारखं भाकरी-भात जेवलेलं असावं. एकादशीचा कडक उपास करून दुसऱ्या दिवशी ही तपासणी केली तर निकाल फसवा येऊ शकतो.

सुरुवातीची बिघाडी पकडण्यात ही तपासणी सगळ्यात तिखट. इतर दोन्हींतून सुटलेले पुष्कळ जण हिच्यात सापडतात. तोटा म्हणजे वेळ जातो, दोनदा सुई टोचावी लागते, काहींना ते गोड पाणी पिऊन मळमळतं. त्यामुळं शिबिरात ही तपासणी सहसा होत नाही.

इथं आणखी एक घोळ असतो. लॅबवाले ज्याला पीपी म्हणतात, म्हणजे जेवल्यावर दोन तासांनी, ती आणि जीटीटी एक नव्हे. जेवणात कुणी दोन भाकरी खातं, कुणी पाव बिस्किट खाऊन येतं. लोड सारखा नसला तर मोटरची तुलना कशी करणार? ज्याला मधुमेह आहे त्याचं औषध बसतंय का हे बघायला पीपी उपयोगी आहे. नवीन निदान करायचं असेल तर मोजून दिलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोजच पाहिजे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२४ मध्ये आणखी एक सोपा पर्याय पुढं केला. दोन तासांऐवजी एकाच तासानं रक्त घ्यायचं. १५५ किंवा जास्त असेल तर उंबरठ्यावर, २०९ किंवा जास्त असेल तर मधुमेह, आणि मग खात्री करून घ्यायची. अजून तालुक्याच्या लॅबमध्ये हे रुळलेलं नाही, पण पुढं ऐकायला मिळेल.

एचबीए१सी : सोयीची, पण रक्त कमी असेल तर फसवी

सध्या सगळ्यात जास्त बोलबाला हिचाच आहे. पॅकेजच्या जाहिरातीत ही पहिली असते. उपाशी राहावं लागत नाही, कधीही रक्त दिलं तरी चालतं, आदल्या दिवशी लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून आकडा उडत नाही. साध्या साखरेच्या तपासणीपेक्षा पैसे मात्र कितीतरी जास्त लागतात.

ती काय मोजते? आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, तो हा आकडा. डेअरीत एका वेळच्या दुधाचं फॅट आणि सगळ्या हप्त्याची सरासरी यात जो फरक, तोच साध्या साखरेत आणि एचबीए१सीमध्ये. सरासरी जास्त भरवशाची, हे खरं.

पण ही सरासरी लाल पेशीवर उभी आहे, आणि नेमकी तिथंच आपल्याकडं गडबड आहे. शरीरात लोह कमी पडलं की नवीन पेशी कमी तयार होतात आणि जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. रस्त्याच्या कडेला जास्त दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवर धूळ जास्त बसते, तसं जुन्या पेशीवर साखर जास्त चिकटलेली असते. साखर प्रत्यक्षात वाढलेली नसतानाही आकडा वर जातो. ब १२ जीवनसत्त्व कमी असलं तरी तसंच होऊ शकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे दोनपैकी एक बाई. अशा बाईचा एचबीए१सी ५.९ आला तर तो साखरेचा आहे की रक्त कमी असल्याचा, हे नुसत्या त्या कागदावरून सांगता येत नाही.

हे कुणी अंदाजानं बोलत नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं हेच तपासलं आणि २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ११६ तरुणांची त्यांनी ग्लुकोज पाजूनही तपासणी केली आणि एचबीए१सीही केली. ग्लुकोजच्या तपासणीत ७.८ टक्के तरुण उंबरठ्यावर निघाले. एचबीए१सीच्या मापानं तेच २३.३ टक्के झाले. तिप्पट. त्या तरुणांत रक्त आणि लोह कमी असलेले बरेच होते, आणि या फरकाचा काही भाग त्यामुळंच असल्याचं संशोधकांनी सांगितलं.

उलटंही होतं. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, अपघातात किंवा बाळंतपणात पुष्कळ रक्त गेलेलं असेल, लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, सिकलसेल असेल तर आकडा खोटा कमी येतो. म्हणजे साखर आहे, पण रिपोर्ट म्हणतो नाही. सिकलसेल आदिवासी समाजात जास्त आढळतो. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची मोहीमही सुरू केली आहे. आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी गावं आहेत. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांनी एचबीए१सीवर विसंबू नये, रक्तातली साखरच मोजून घ्यावी.

याचा अर्थ एचबीए१सी वाईट असा नाही. ज्याला मधुमेह असल्याचं आधीच ठरलं आहे, त्याची साखर ताब्यात आहे का हे बघायला, बाकी रक्त ठीक असेल तर, तीच सगळ्यात चांगली तपासणी. दर तीन ते सहा महिन्यांनी ती केलीच पाहिजे. पण नवीन माणसाला उंबरठ्यावर आहे असं म्हणताना सोबत हिमोग्लोबिन किती, हे बघायला हवं. हिमोग्लोबिन ९ असेल तर आधी रक्त वाढवा, आणि डॉक्टरला विचारून ग्लुकोजची तपासणी करून घ्या.

बोटातल्या थेंबाचं मशीन

आशाताईकडं, मेडिकलवाल्याकडं, काही घरांतही आता ग्लुकोमीटर आहे. चाळणी लावायला ते चांगलं. पण चाळणी म्हणजे तराजू नव्हे. या मशीनच्या आंतरराष्ट्रीय दर्जातच १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के कमी-जास्त चालतं असं धरलेलं आहे. खरी साखर १२६ असेल तर मशीन १०७ दाखवू शकतं आणि १४५ पण दाखवू शकतं. रक्त कमी असलेल्या माणसात ते आकडा थोडा जास्तच दाखवतं. त्यात पट्टीची मुदत संपलेली, डबीचं झाकण उघडं राहिलेलं, पट्ट्या उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या, असं असेल तर मग काहीच खरं नाही.

आणि हात. गूळ फोडून, फळं हाताळून किंवा उसाचा रस पिऊन तसाच बोटाचा थेंब दिला तर बोटावरची साखर रक्ताच्या साखरेत मिसळते. साबणानं हात धुवायचा, कोरडा करायचा, मगच टोचायचं. मशीनवर आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये खात्री करायची. मशीनच्या एकट्या आकड्यावर औषध सुरू करायचं नाही.

लघवीतली साखर बघून निदान करायचा काळ आता गेला. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

बाटलीतलं रक्त साखर खातं

गावातल्या माणसाला कुणी न सांगितलेली गोष्ट ही आहे. रक्त बाटलीत भरलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. नुसत्या ठेवलेल्या नमुन्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. गावात सकाळी सातला रक्त काढलं, पोरगा पिशवी घेऊन पाच गावं फिरला आणि दहाला मंचरला पोचला, तर १३० ची साखर ११० च्या खालीसुद्धा दिसू शकते. मधुमेही माणूस कागदावर उंबरठ्यावर येऊन बसतो.

यासाठी साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या बाटलीत घेतात. त्यात पेशींना थांबवणारी पावडर असते. ती पण लगेच पूर्ण काम करत नाही, म्हणून नमुना थंड ठेवणं आणि लवकर मशीनवर फिरवून पेशी वेगळ्या करणं गरजेचं असतं. घरी रक्त घ्यायला कुणी आलं तर तीन गोष्टी विचारा : साखरेची बाटली राखाडी झाकणाची आहे का, थंड पेटी आहे का, आणि लॅबला किती वाजता पोचणार? जमत असेल तर उपाशीपोटी साखरेसाठी स्वतः लॅबमध्ये जाऊन रक्त द्या. एचबीए१सीला ही अडचण नाही, तिचा नमुना काही तास टिकतो. ही तिची जमेची बाजू.

'आम्ही राबतो, आम्हाला कशाची शुगर?'

हे वाक्य आपल्या भागात रोज कानावर पडतं. पण इंडियॅबचेच आकडे बघा. मधुमेह शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के, म्हणजे खेडं अजून मागं आहे. उंबरठ्यावरचे मात्र शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२. जवळपास बरोबरीत. म्हणजे पुढची रांग खेड्यातच लागलेली आहे.

राबणंही पूर्वीचं राहिलं नाही. नांगरट ट्रॅक्टरनं, मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू, रानात जायला मोटरसायकल. बटाट्याची काढणी, कांद्याची लागण असली की अंग मोडतं हे खरं, पण ते वर्षातले ठरावीक दिवस. बाकी वेळ चहा, फरसाण आणि खुर्ची.

बारीक माणसाला होत नाही, हाही गैरसमज आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि इंग्लंडमधल्या एका सहकारी डॉक्टरची तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण इंग्लंडच्या डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे.

त्यांच्याच केंद्रानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं १८ वर्षांची झाल्यावर ६१९ जणांना ग्लुकोज पाजून तपासलं. निम्मी मुलं कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर नॉर्मलच्या वर निघाली. एकाला मधुमेह, बाकी सगळे उंबरठ्यावर. ही शेतकऱ्यांचीच पोरं, आपल्यासारख्याच गावातली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्यांची साखर १८ व्या वर्षी वर होती, त्यांची उपाशीपोटी साखर लहानपणापासूनच इतरांपेक्षा थोडी जास्त होती, असंही दिसलं. आजार अचानक चाळिशीत येत नाही, त्याची पेरणी फार आधी होते.

मग कुणी काय करायचं?

सुरुवात सुईनं नव्हे, टेपनं करा. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेनं भारतीयांसाठी एक सोपा गुणतक्ता केला आहे. घरी करता येतो.

- वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० च्या पुढं ३०.
- कंबर : पुरुष ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाई ८० च्या आत असेल तर ०. पुरुष ९० ते ९९, बाई ८० ते ८९ असेल तर १०. त्याच्या पुढं २०.
- हालचाल : नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हीपैकी एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०.
- आई-वडील : कुणालाच मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा, रक्त तपासाच. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, कंबर ९४, कष्ट आहेत पण व्यायाम नाही, आईला शुगर : २० अधिक १० अधिक २० अधिक १०, झाले ६०. गावात असे किती निघतील, तुम्हीच मोजा.

तपासणीचा क्रम असा धरला तर पैसे वाया जात नाहीत :

पहिलं, वय तिशीच्या पुढं असेल तर आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्रात बोटाचा थेंब तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी फुकट आहे. आशाताई जो फॉर्म भरते त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरातला आजार यांचे गुण असतात. चारच्या वर गुण आले तर त्या माणसाला आधी तपासायचं असतं. फॉर्म भरताना 'तंबाखू नाही' म्हणून खोटं सांगितलं तर नुकसान आशाताईचं होत नाही.

दुसरं, रँडम आकडा १४० च्या वर आला, किंवा गुणतक्त्यात ६० भरले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन उपाशीपोटी शिरेतलं रक्त द्या. कोणत्या तपासण्या फुकट होतात ते तिथंच विचारा.

तिसरं, उपाशीपोटी १०० ते १२५ मध्ये आलं, किंवा नॉर्मल आलं पण धोका मोठा आहे, तर डॉक्टरला विचारून ७५ ग्रॅमची दोन तासांची तपासणी करा. अर्धा दिवस जाईल, पण खरं काय ते कळेल.

चौथं, ते शक्य नसेल तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन, तिन्ही एकदम करा. पहिल्या दोन्हींत साखर जास्त आली तर शंका उरत नाही. एक म्हणते हो आणि दुसरी म्हणते नाही, तर आधी हिमोग्लोबिन बघा.

गरोदर बाईचं वेगळं आहे. तिला सरकारी नियमानुसार उपाशी नसली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासतात आणि १४० किंवा जास्त आलं तर उपचार सुरू करतात. तिच्यासाठी एचबीए१सीवर निदान करत नाहीत. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी असते, ती घरचे लोक हमखास विसरतात. पुढं मधुमेह होण्याचा धोका या बायांना सगळ्यात जास्त असतो, म्हणून ती तपासणी सोडू नका.

लवकर कळून फायदा काय?

फायदा मोजलेला आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ग्लुकोजच्या तपासणीत उंबरठ्यावर निघालेल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं, त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याकडं आणि खाण्याकडं सतत लक्ष दिलं, त्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. गोळी घेतलेल्यांतही जवळपास तेवढंच, ४० टक्के. म्हणजे रोजचं चालणं आणि ताटातला बदल गोळीच्या तोडीस तोड उतरला, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पण त्याच आकड्यांत दुसरी बाजू पण आहे. उंबरठ्यावरचा माणूस तसाच सोडला तर तीन वर्षांत निम्म्याहून जास्त जण आत गेले. आपल्याकडं आत गेलेल्या माणसाला कळतं केव्हा? पायाला काटा लागला, जखम महिनाभर भरली नाही, मग. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्याचा डॉक्टर म्हणाला पडदा खराब झालाय, मग. कुणाला थेट डायलिसिसच्या वेळी. एकदा डायलिसिस लागलं की आठवड्यातून दोन-तीन दिवस शहरात, सोबत घरातलं एक माणूस, आणि रान पडीक. घरं अशी मोडलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

माती परीक्षण केल्याशिवाय आता शहाणा शेतकरी खताची पोती उतरवत नाही. उसाचा उतारा, दुधाचं फॅट, बटाट्याचं वजन, सगळं आपण मोजून घेतो आणि माप बरोबर आहे का हेही बघतो. तेवढीच चौकशी स्वतःच्या रक्ताची करायची आहे. रिपोर्ट हातात आला की नुसतं नॉर्मल किंवा प्रीडायबेटिक वाचून सोडू नका. कोणती तपासणी, किती वाजता, उपाशी होतो का, हिमोग्लोबिन किती, या चार गोष्टी त्याच कागदावर पेनानं लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरला दाखवा. जुना रिपोर्ट फेकू नका. पुढच्या वर्षी दोन कागद शेजारी ठेवले की साखर कुठल्या दिशेनं चालली आहे, हे तुम्हालाच दिसेल.